संगणक बंद करू नका

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. माझ्या डाव्या बाजूचा पत्रा आत दबला आहे, पुढचं झाकण कधीच निखळून गेलं आहे आणि सुरू होताना माझा पंखा घरघरतो. मी आता म्हातारा झालेला एक घरगुती संगणक आहे. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावात, एकाच घरात माझं सगळं आयुष्य गेलं. त्या आयुष्याची गोष्ट गोड नाही. तिच्यात मारझोड आहे, रक्तही आहे. पण तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात असंच काही घडत असेल, म्हणून ती मला सांगायचीच आहे.

माझी जोडणी नंदुरबारच्या एका छोट्या दुकानात झाली. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, कळफलक तिसरीकडचा. सगळं जुळवून, तारा खोचून मला उभं केलं, तेव्हा मी पहिल्यांदा डोळे उघडले. ललितशेठ मला घ्यायला आले होते. त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि पिकअपमध्ये खताच्या गोण्यांच्या मधोमध ठेवून घरी आणलं.

ललितशेठचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. माझं टेबल दोन्हींच्या मधल्या दाराशी होतं, त्यामुळे मला एकीकडे गल्ला दिसायचा आणि दुसरीकडे चूल. पहिल्या दिवशी ललितशेठच्या आई रुक्मिणीबाई यांनी मला हळद-कुंकू लावलं. त्यांची नात भूमिका तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिने आपला ओला तळवा माझ्या पडद्यावर ठेवला आणि तो ठसा कोणी दोन दिवस पुसला नाही. सगळ्यांत जास्त आनंद झाला होता रुपावहिनींना, म्हणजे भूमिकाच्या आईला. लग्नाआधी त्या नंदुरबारला संगणकाच्या क्लासात शिकल्या होत्या. पुढे तिथेच थोडे दिवस शिकवतही होत्या. लग्नानंतर ते सुटलं.

दिवसा मी बिलं छापायचो आणि संध्याकाळी घरचा व्हायचो. भूमिका माझ्यावर चित्रं काढायची. गिऱ्हाइकं गावच्या बोलीत माझं कौतुक करायची. "शेठ, आते तुम्हनं दुकान शहरनं व्हयी गयं," असं कोणी म्हटलं की ललितशेठ खुर्चीत ताठ बसायचे.

एकदा मी उघडायला वेळ लावत होतो. ललितशेठनी माझ्या डोक्यावर जोरात थापड मारली. नेमकं त्याच क्षणी माझं काम संपलं आणि पडदा उजळला. थापडेचा त्यात काही हात नव्हता. पण त्यांना वाटलं, मारलं म्हणून चाललं. त्यांनी तो किस्सा सगळ्या गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितला. तेव्हापासून मी रोज थापडा खाऊ लागलो.

मी लोखंडाचा. मला दुखत नाही. पण तोच हात रुपावहिनींवरही पडायचा. चहा गार झाला, फोन उशिरा उचलला, माहेरी जाऊ का म्हणून विचारलं, काहीही पुरायचं. मधलं दार लोटलं जायचं, टीव्हीचा आवाज वाढायचा आणि रुक्मिणीबाई सूप उचलून मागच्या अंगणात जाऊन बसायच्या. टीव्हीच्या आवाजातूनही मला सगळं ऐकू यायचं. वहिनींनी एकदा माहेरी भावाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "निभावून घे."

आता तुम्हांला अपडेट म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. माझ्या आत एक प्रणाली असते, तिच्यामुळे मी चालतो. ती बनवणारे लोक दूर कुठेतरी बसून तिच्यातल्या चुका दुरुस्त करतात आणि ती दुरुस्ती इंटरनेटवरून माझ्याकडे आपोआप येते. ती आली की मला काम थांबवावं लागतं. पडद्यावर टक्के सरकत राहतात आणि खाली एक ओळ असते : संगणक बंद करू नका. कारण तेव्हा माझी अर्धी कामं जुन्या पद्धतीने लावलेली असतात आणि अर्धी नव्या. त्या मधल्या वेळात वीज गेली, तर मी ना धड जुना राहतो, ना नवा.

कापसाच्या लागवडीचे दिवस होते. दुकानात बियाण्यांसाठी झुंबड उडाली होती. ललितशेठनी एक बिल छापायला घेतलं आणि मी आपोआप बंद होऊन परत सुरू झालो. पडदा निळा झाला, टक्के दिसू लागले आणि ते एका जागी अडकले. लोक ताटकळले. मागून कोणीतरी ओरडलं, "शेठ, हाताखाल लिखी द्या ना! यान्हं डोकं फिरेल दिखस!" सगळे हसले.

ते हसू ललितशेठना लागलं. त्यांनी मधल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "रुपा! इकडे ये!"

वहिनी पिठाचे हात घेऊनच आल्या.

"काल तू बठेल व्हती ना यान्हावर? काय दाबी टाकं?"

"मी काही दाबं नही. भूमिकानं चित्र काढं, मंग बंद करं. हाई अपडेट शे, आपोआप येस. थोडा येळ थांबा, व्हयी जाई."

"मले शिकाडस का तू?"

त्यांनी कळफलक तारेसकट उपसला आणि वहिनींच्या तोंडावर मारला. कळा उडाल्या, काही मक्याच्या बियाण्याच्या पोत्यात जाऊन पडल्या. वहिनींचा ओठ फाटला. दुकानातलं हसू थांबलं, पण पुढे कोणीच आलं नाही. मग ललितशेठनी भिंतीतून माझी तारच ओढली. मी अर्ध्यावर विझलो.

लोक निघून गेल्यावर भूमिका पोत्यात हात घालून एकेक कळ शोधत होती. ती तोवर शाळेत जाऊ लागली होती. ती रडत नव्हती. मुलं रडायची बंद होतात, ते मला रडण्यापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

मी त्या दिवशी कसाबसा सावरलो. अर्धवट बदल मागे घेतले आणि उभा राहिलो. पण दर थोड्या दिवसांनी तेच होऊ लागलं. अपडेट यायचं, अडायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. दर वेळी मला थापड बसायची आणि वहिनींना मार. दुकानात ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीची वेटोळी विकायला ठेवलेली असत. त्यातला एक हातभर तुकडा ललितशेठनी कापून गल्ल्याखाली ठेवून दिला होता. तो कशासाठी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी ललितशेठ खताच्या गाडीमागे नंदुरबारला गेले असताना रुपावहिनी माझ्यासमोर बसल्या. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या टेबलावर ठेवला. पलीकडे प्रमिलाबाई होत्या, वहिनींच्या जुन्या क्लासच्या बाई.

"मॅडम, मी रुपा. तुमच्याकडे शिकवायचे."

"अगं रुपा! किती वर्षांनी! बोल."

"मॅडम, घरच्या संगणकाचं अपडेट सारखं अडतंय. मला ते नीट करायचंय. आजच."

प्रमिलाबाईंनी आधी तारीख पाहायला सांगितली. माझी तारीख कित्येक वर्षं मागची होती. माझ्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर मी वेळकाळ विसरतो आणि तारीख चुकली की अपडेट पाठवणारे मला ओळखतच नाहीत. वहिनींनी घड्याळवाल्याकडून सेल मागवला, माझं बाजूचं झाकण उघडून स्वतः बसवला. मग बाईंनी जागा पाहायला सांगितली. माझं पोट ललितशेठच्या मोबाईलवरून उतरवलेल्या लग्नांच्या व्हिडिओंनी गच्च भरलं होतं. अपडेट ठेवायला जागाच नव्हती. वहिनींनी ते सगळे एका पेनड्राइव्हवर हलवले. अर्ध्यावर उतरून पडलेले जुन्या अपडेटचे तुकडे पुसले. शेवटी दुकानाची वेळ नोंदवून टाकली, म्हणजे त्या वेळात मी स्वतःहून बंद होणार नाही.

"अपडेट कायमचं बंद करू नकोस हं," बाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय मशीन उघडं पडतं. फक्त त्याला वेळ ठरवून दे." मग त्यांनी विचारलं, "रुपा, तुझं बोलणं असं का येतंय? जीभ जड झाल्यासारखं."

"ओठ सुजलाय मॅडम. पडले."

"पडलीस?"

वहिनींनी ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नाही."

"एकशे बारा नंबर माहीत आहे ना?" प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं. "फुकट लागतो. कधीही लागतो. आणि माझाही लागतो."

रुक्मिणीबाई दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. रुक्मिणीबाईंनी मान खाली घातली आणि शेंगांची टोपली घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या.

मित्रांनो, त्यानंतर मी पूर्वीसारखा चालू लागलो. अपडेट यायचं ते दुकान बंद झाल्यावर आणि सकाळी मी तयार असायचो. काही महिने घरात बरीच शांतता होती. मला वाटलं, मी नीट चाललो की वहिनींना मार बसणार नाही. किती भाबडा होतो मी! मारणाऱ्याला कारण मी पुरवत नव्हतो. ते त्याच्या हातात आधीच तयार असायचं.

झालं असं, की गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. प्रिंटर अडला, बिलात चूक झाली, की कोणी ना कोणी म्हणायचं, "वैनीले बलाव ना शेठ, तिले समजस." वहिनी यायच्या, दोन कळा दाबायच्या, काम व्हायचं. ललितशेठ बाजूला उभे राहून पाहायचे. त्यांच्या जबड्याची शीर हलताना मला दिसायची.

एका सकाळी वहिनी भूमिकाची वेणी घालत असताना ते माझ्यासमोर येऊन बसले. "मन्हं मशीन, मीच देखसू," असं मोठ्याने म्हणाले. वहिनींनी लावलेली दुकानाची वेळ त्यांनी काढून टाकली. रात्रीसाठी थांबवून ठेवलेली सगळी अपडेटं एकदम सुरू केली.

वहिनी दारात आल्या. "आते नका करू. आज युरियानी गाडी येवाव शे, गर्दी व्हई. लाइटनं बी भरोसं नही."

"तुले इचारं का मी?"

मी बंद झालो, उघडलो, टक्के चढू लागले. तोवर गाडी आली. लोकांनी दुकान भरून गेलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून डोंगरसिंग आला होता, दर हंगामात येणारं आमचं जुनं गिऱ्हाइक. ललितशेठचे चुलते रतिलालकाकाही काउंटरला टेकून उभे होते. आणि वीज गेली. इन्व्हर्टरने थोडा वेळ ओढलं आणि तोही बसला.

वीज परत आली तेव्हा मला उठताच येईना. निळा पडदा यायचा, मी बंद पडायचो, पुन्हा निळा पडदा. गोल गोल. पाय निसटल्यासारखं मी त्याच त्याच पायरीवर पडत होतो.

"काय शेठ, व्हई का आज?" कोणीतरी विचारलं.

"वैनीले बलाव," दुसरा म्हणाला.

ललितशेठनी काट्याशेजारचं लोखंडी माप उचललं. दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं आणि माझ्या डाव्या कुशीवर हाणलं. माझा पत्रा आत गेला. पंख्याची पाती मोडली. आणखी एक घाव बसला आणि पुढचं झाकण उडून काउंटरपलीकडे पडलं. आवाज ऐकून रुपावहिनी धावत आल्या.

"तूच!" ते ओरडले. "तूच करी ठेवेल व्हतं यान्हामा काहीतरी! लोकेसमा मन्ही इज्जत काढस!"

गल्ल्याखालची नळी त्यांच्या हातात आली. पहिला फटका वहिनींच्या मानेवर बसला, दुसरा पाठीवर. त्या खाली बसल्या तरी फटके थांबले नाहीत. नळीचा आवाज हवेतून येतो तेव्हा शिट्टीसारखा असतो. मी तो आजही विसरलेलो नाही. दुकानात पंधरा-वीस माणसं होती आणि सगळी गोठून उभी होती. रतिलालकाका म्हणाले, "ललित, जाऊ दे रे," पण काउंटरचा टेकू त्यांनी सोडला नाही.

तेवढ्यात भूमिका आतून आली. ती आईच्या अंगावर पडली आणि तिने दोन्ही हातांनी आईचं डोकं झाकलं. ललितशेठनी नळी टाकली आणि पुन्हा ते लोखंडी माप उचललं. त्यांचे डोळे माझ्या पडद्यासारखे झाले होते. समोर कोण आहे, ते त्यांना दिसतच नव्हतं. वहिनींनी ते पाहिलं, लेकीला एका हाताने पोटाखाली ओढलं आणि दुसरा हात वर केला. माप त्या हातावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज झाला.

"ललित!"

रुक्मिणीबाई मधल्या दारात उभ्या होत्या. मी इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. या वेळी त्या अंगणात गेल्या नाहीत. त्या सरळ चालत आल्या आणि सून आणि मुलगा यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"बाजूले व्हय, माय."

"नही व्हवाव. मार मले. तुन्हा बापनं मारं, तू बी मार."

त्यांनी आईला ढकललं. रुक्मिणीबाईंचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं आणि पांढऱ्या केसांतून रक्त आलं. ते ओघळून माझ्या टेबलापर्यंत आलं. तरी त्या पडल्या नाहीत. काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. "काय देखतस रे? तमासा शे का हाऊ?"

तेव्हा डोंगरसिंग पुढे झाला. खांद्यावरची गोणी त्याने तशीच खाली टाकली आणि ललितशेठना मागून कवेत घट्ट धरलं. "बस, शेठ. बस आता." शेठनी त्याच्या हाताला चावा घेतला, पण त्याने सोडलं नाही. मग बाकीचे दोघे-तिघे पुढे आले. माप खाली पडलं आणि फरशीची खपली उडाली.

रुपावहिनींनी उजवा हात पोटाशी धरला होता. डाव्या हाताने त्यांनी फोन काढला आणि एकशे बारा लावला. "रनाळ्याहून बोलतेय," त्या म्हणाल्या. शब्द स्वच्छ होते. "माझ्या नवऱ्याने माझा हात मोडलाय. सासूबाईंचं डोकं फुटलंय. लवकर या."

पोलीस आले, ललितशेठना घेऊन गेले. दोघींना दवाखान्यात नेलं. संध्याकाळच्या उन्हात रुक्मिणीबाई डोक्याला पट्टी बांधून घरी आल्या, कारण भूमिकाजवळ कोणीतरी हवं होतं. त्यांच्याबरोबर एक महिला पोलीस होती. ती माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली.

"आजी, नीट विचार करून सांगा," ती म्हणाली. "मुलगा आहे तुमचा."

"मन्हाच आंडोर शे. मीच त्याले जनम दिना," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवर शांत होते. "त्यानं त्यानी बायकोना हात मोडा. मन्हं डोकं फोडं. लिखी ल्या. त्याना बाप बी मले असाच मारे. तवय मी कोनले सांगं नही. हाऊ लहान व्हता, दारआड उभा ऱ्हाये, देखे. देखीसनच शिकना."

त्या तेव्हाही रडल्या नाहीत. महिला पोलीस निघून गेली, भूमिका खाटेवर झोपली, मग एकट्याच काउंटरवर डोकं ठेवून रडल्या. मी पाहिलं, पण मला काय करता येणार होतं? माझा पंखा मोडलेला, मी बंद पडलेला.

वहिनी हाताला प्लास्टर घालून परत आल्या. दुकान बंदच होतं. न्यायालयाने ललितशेठना जामीन देताना घराजवळ यायला मनाई केली आणि ते शहाद्याला नातेवाइकांकडे राहायला गेले. मग एक दिवस रतिलालकाका आले. खुर्चीत बसून त्यांनी पाणी मागितलं. चहा मात्र कोणी विचारला नाही.

"व्हऊ, जे व्हयनं ते व्हयनं," ते सुनेला म्हणाले. "घरनी गोट घरमा ऱ्हावाले पाहिजे. केस मांगे लई ले. पोरना तोंडकडे देख."

"पोरना तोंडकडे देखीसनच केस करी, काका," वहिनी म्हणाल्या. "मांगे नही लेसू. आनि घरनी गोट कशी? ती दुकानमा व्हयनी, समदासमोर. तुम्ही बी तठेच व्हतात."

रतिलालकाकांनी पेला खाली ठेवला. माझ्या दबलेल्या पत्र्याकडे एकदा पाहिलं. मग चपला घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी प्रमिलाबाई नंदुरबारहून एसटीने आल्या. येताना एक पंखा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझं पोट उघडलं, मोडका पंखा काढून नवा लावला आणि माहिती साठवणारी आतली तबकडी शाबूत आहे का ते पाहिलं. ती शाबूत होती. मग त्या बाजूला झाल्या.

"तूच कर," त्या वहिनींना म्हणाल्या.

"डाव्या हाताने?"

"कळा दाबायला भूमिका आहे की."

भूमिका आईला चिकटून बसली. त्यांनी मला चालू केलं. निळा पडदा, बंद. पुन्हा निळा पडदा, बंद. असं वारंवार अर्ध्यात थांबलं की माझ्यात दुरुस्तीचं एक पान उघडतं. ते उघडलं. वहिनींनी सांगितलं तसं भूमिकाने आपोआप दुरुस्तीवर बोट ठेवलं. मी खूप प्रयत्न केला. शेवटी पडद्यावर आलं : दुरुस्ती झाली नाही. आणि मी काळा पडलो.

पडदा काळा होताच भूमिकाने डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

तिला कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणी हात उचलला नव्हता. प्रमिलाबाईंनी तोंडाला पदर लावला. वहिनी लेकीकडे वळल्या. मग त्यांनी आपल्या धड हाताने लेकीचा एक हात खाली आणला, मग दुसरा.

"काही नही व्हत, बेटा," त्या म्हणाल्या. "ते अडकेल शे. अडकेलले मारतस नही. काय अडकनं, ते देखतस."

"आते कोनी मारावं नही?"

"कोनीच नही."

पान पुन्हा उघडलं. या वेळी वहिनींनी दुसरी ओळ निवडायला लावली : अलीकडे बसवलेलं अपडेट काढून टाका. भूमिकाने कळ दाबली. मी माझ्या आतलं सगळं बळ गोळा केलं. जे अर्धवट बसलं होतं, ते एकेक करून सोडवलं. वेळ लागला. बराच लागला. तोवर रुक्मिणीबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि त्याही येऊन बसल्या. कोणी माझ्या डोक्यावर थापड मारली नाही, कोणी तार ओढली नाही. चौघीही नुसत्या बसून होत्या.

मग मी उघडलो. भूमिकाने काढलेली सगळी चित्रं जिथल्या तिथे होती. ती मोठ्याने हसली आणि हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी मी तिला कित्येक वर्षांनी रडताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

दुकान पुन्हा उघडलं. वहिनी बिलं करतात, रुक्मिणीबाई गल्ल्यावर बसतात. खटला अजून संपलेला नाही. कधी कधी दुपारी रुक्मिणीबाई शहाद्याच्या रस्त्याकडे पाहत राहतात. आई आहेत त्या. त्यांनी पोलिसांना जे सांगितलं, ते मागे घेतलेलं नाही, पण जेवताना त्यांचा घास मधेच थांबतो. वहिनी तेव्हा त्यांच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढतात.

माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना आता नवी अपडेटं येत नाहीत, असं प्रमिलाबाई सांगत होत्या. म्हणून दुकानात नवा संगणक आला आहे. माझं इंटरनेट काढून मला भूमिकाच्या खोलीत ठेवलं आहे.

मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याच्या पोटात थोडी जागा मोकळी ठेवा, तारीख बरोबर आहे ना ते बघा आणि अपडेट चालू असताना तार ओढू नका. एवढं केलंत, तरी आम्ही वर्षानुवर्षं चालतो. आणि बिघडलोच तर आमच्यातलं शेवटचं अपडेट मागे घेता येतं. माणसाला बसलेला मार तसा मागे घेता येत नाही. तुमच्या घरात, शेजारच्या घरात तो आवाज ऐकू आला तर टीव्ही मोठा करू नका. शाळेतल्या बाईंना सांगा, मावशीला सांगा, एकशे बारा लावा, नाहीतर मुलांसाठीचा दहा-नऊ-आठ लावा. जो मारतो, तो तुमचा किती जवळचा आहे, हे त्या वेळी बघत बसू नका.

आणि कधी माझ्यासारख्याचा पडदा अचानक काळा झाला, आणि तुमच्या शेजारी कोणी घाबरून डोक्यावर हात घेतले, तर आधी त्याच्याकडे वळा. माझी घाई नाही. मी थांबेन.